ठशाबाहेरचे चेहरे

नटाच्या धंद्याला एक विचित्र शाप आहे. एखादी भूमिका त्याने वाईट वठवली तर लोक त्याला विसरून जातात, आणि फारच चांगली वठवली तर त्याला दुसरी करू देत नाहीत. एकदा का तो पडद्यावर दुष्ट सावकार झाला, की पुढे तो देवळात शिरताना दिसला तरी घंटा चोरायलाच आला असेल, असे आपल्याला वाटते. हा ठसा त्याच्या कपाळी कोण मारतो? तुम्ही-आम्हीच. तिकिटाचे पैसे मोजून आपण हा उद्योग करतो आणि वर पुन्हा, 'त्याच त्या भूमिका करतो मेला,' म्हणून नाकही मुरडतो.

परंतु कधी कधी एखादा दिग्दर्शक असा भेटतो की तो हा ठसा मानीत नाही. जिथे आपल्याला सोंग दिसते तिथे त्याला माणूस दिसतो. तो भलत्याच माणसाला भलतीच भूमिका देतो. आधी लोक हसतात, मग कुजबुजतात, आणि कधी कधी चक्क हात जोडतात. वाचकहो, मराठी माणसांनी काढलेल्या चित्रपटांत अशा निवडी पुष्कळ झाल्या. त्यांतल्या मोजक्या निवडींची हकीकत या दिवाळीत तुमच्यापुढे ठेवावयाची आहे. हकीकती गमतीच्या आहेत; पण त्यांत कुणाच्या पोटाचा प्रश्न होता, कुणाच्या कीर्तीचा होता, आणि एका ठिकाणी तर साऱ्या देशाच्या शेजारधर्माचा होता.

आपल्या चित्रपटाचा पाळणा हलला तोच मुळी अशा एका अजब निवडीने. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढायला निघाले, तेव्हा राजा मिळाला, राणी मिळेना. भल्या घरची बाई नाटकातसुद्धा येत नसे, मग या नव्या यंत्रापुढे कोण उभी राहणार? ज्यांना समाजाने आधीच वाळीत टाकले होते त्या बायकांनीही नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा सडपातळ तरुण दादासाहेबांच्या नजरेत भरला. त्याच्या हातांची नाजूक ठेवण त्यांनी हेरली, आणि कालपर्यंत गिऱ्हाइकांची सेवा करणारा हा मुलगा अयोध्येची महाराणी झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांनी जी तारामती पाहिली, ती ही. पुढे १९१७ च्या 'लंकादहना'त तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. वनवासात निघालेल्या जोडप्याचा एवढा एकोपा रामायणातही नसेल!

१९१३ सालीच फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुरा'त दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या, ही गोष्टही इथेच नोंदवली पाहिजे. दार किलकिले झाले होते. ते सताड उघडायला मात्र जवळजवळ वीस वर्षे जावी लागली.

आता साळुंक्यांची निवड ही गरजेपोटी झाली होती. तिच्यात कलेचा विचार थोडा आणि नाइलाज फार. शिवाय ती त्या वेळच्या लोकांना फारशी चमत्कारिक वाटलीही नसावी. कारण मराठी रंगभूमीवर पुरुषांनी लुगडे नेसून उभे राहणे ही तेव्हाची रीतच होती. 'स्त्रीपार्टी नट' हा एक सन्मानाचा हुद्दा होता. पदर कसा सावरावा, मान किती कलती धरावी, लाजताना नजर कुठे ठेवावी, हे शिकण्यात कोवळी पोरे आपले बालपण घालवीत. पुढे आवाज टिकला आणि रूप टिकले, तर कंपनीचा सारा डोलारा त्यांच्या खांद्यांवर उभा राही.

आणि एके दिवशी ही विद्याच निकामी झाली. १९३२ साली प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा आपला पहिला मराठी बोलपट काढला. कथा तीच, हरिश्चंद्राची. राणीही तीच, तारामती. पण एकोणीस वर्षांपूर्वी जिथे हॉटेलातला तरुण उभा होता, तिथे आता दुर्गाबाई खोटे उभ्या राहिल्या. मुंबईच्या सुखवस्तू घरातल्या, इंग्रजी शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या दुर्गाबाईंना तारामती म्हणून उभे करणे हीही त्या काळी धाडसाचीच निवड होती. ती लोकांनी डोक्यावर घेतली. बायकांची कामे बायकाच करू लागल्या. हे योग्यच झाले, व्हायलाच हवे होते. परंतु ज्यांनी आयुष्यभर दुसरे काहीच शिकले नव्हते, त्या पुरुषांनी आता काय करावे? चित्रपटाच्या इतिहासात या प्रश्नाला फार कुणी जागा दिलेली नाही.

या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच कंपनीच्या आवारात, पुण्याच्या प्रभातनगरात, लागोपाठच्या दोन वर्षांत मिळाली. दोन्ही वेळा स्त्रीपार्टी नटच निवडला गेला, दोन्ही वेळा त्याला संताची भूमिका दिली गेली, आणि उत्तरे मात्र एकमेकांच्या अगदी उलट आली.

पहिले उत्तर बालगंधर्वांचे. नारायण श्रीपाद राजहंस हे नाव सांगितले तर एखादा विचारील, कोण हे? पण 'बालगंधर्व' म्हटले की म्हाताऱ्या माणसांचा आवाज आपोआप खाली येई. 'मानापमाना'तली भामिनी, 'स्वयंवरा'तली रुक्मिणी, 'एकच प्याला'तली सिंधू ही सारी त्यांची रूपे. त्यांनी शालू कसा नेसला, अंबाडा कसा घातला, ते पाहून घरोघरच्या बायका तसा नेसत आणि तसा घालीत. पुरुषाने बायकांना बाईपणाची तऱ्हा शिकवावी, असा चमत्कार जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

१९३५ साली नारायणराव सत्तेचाळीस वर्षांचे होते. नाटक कंपनी कर्जाने वाकलेली, प्रेक्षक बोलपटांकडे वळलेले. अशा वेळी प्रभातने त्यांच्याशी भागीदारी केली, आणि व्ही. शांताराम यांनी त्यांना दिली संत एकनाथांची भूमिका. बोलपटाचे मूळ नाव होते 'महात्मा'. अस्पृश्यांना पोटाशी धरणारा नायक आणि नाव महात्मा! सरकारच्या सेन्सॉरला त्यात गांधीजींची सावली दिसली आणि ते नाव बदलून 'धर्मात्मा' करावे लागले. ज्याच्या शालूची नक्कल महाराष्ट्राने केली, तो नट आता उपरणे पांघरून, कपाळी गंध लावून पैठणच्या ब्राह्मणांच्या रोषाला तोंड देत होता.

निवड शूरपणाची होती, यात शंका नाही. मास्तर कृष्णरावांचे संगीत होते. विषयाला धार होती. तरीही लोकांचे मन भरले नाही. का बरे? गंधर्वांचा अभिनय कमी पडला म्हणावे, तर तेवढे पुरेसे नाही. माझ्या मते दोन गोष्टी आड आल्या. एक म्हणजे, त्यांचे गाणे हे समोरच्या माणसांशी चाललेले बोलणे होते. 'वन्समोअर' आला की ते पुन्हा गात, आणि दर वेळी निराळे गात. पडद्यावरच्या गाण्याची मिनिटे मोजलेली आणि समोर माणसांऐवजी काचेचा एक डोळा. त्या डोळ्याला दाद कुठून देता यावी? दुसरी गोष्ट आपल्या बाजूची आहे. लोक थिएटरात गेले ते एकनाथांना पाहायला नव्हेच. ते गेले रुक्मिणीला शोधायला. ती दिसेना म्हणून हिरमुसले. ठसा इतका खोल होता की कॅमेऱ्यालाही तो पुसता आला नाही.

प्रभातशी झालेली भागीदारी एवढ्या एकाच बोलपटावर संपली. १९३७ साली बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त नारायणराव पुन्हा पडद्यावर आले, ते स्त्रीवेषात. ज्या घरातून निघायचे ठरवले होते त्याच घरात ते परतले. यात त्यांना दोष देणे सोपे आहे. पण साऱ्या महाराष्ट्राने ज्याला एकाच रूपात लाडावले, त्याने त्या रूपाबाहेर कसे जगावे, हे त्याला आपण तरी कुठे शिकवले होते?

दुसरे उत्तर विष्णुपंत पागनिसांचे. हेही स्त्रीपार्टी नट. स्वदेश हितचिंतक मंडळीत त्यांनी स्त्रीभूमिका गाजवल्या होत्या. पण पुढे रंगभूमीचा झगमगाट मागे पडला आणि ते संगीत शिकवणे नि भजन यांत रमले. प्रभातमध्ये दामले आणि फत्तेलाल 'संत तुकाराम' करायला बसले, तेव्हा तुकोबांच्या जागी पागनिसांचे नाव पुढे आले. स्टुडिओतच शंका निघाली. याच्या अंगात बायकी हावभाव मुरलेले. देहूचा हा रांगडा कुणबी वाणी याला पेलणार कसा? आधीच्या वर्षीचा अनुभवही फार उत्साह वाढवणारा नव्हता.

पण झाले उलटेच. जे हावभाव अडचण म्हणून मोजले गेले होते, तेच कामाला आले. त्याचे कारण आपल्या वारकरी पंथात आहे. पंढरपूरचा देव आपल्याला बाप म्हणून जितका ठाऊक आहे, त्याहून अधिक माउली म्हणून ठाऊक आहे. संतांच्या विराण्या पाहा, गौळणी पाहा. तिथे दाढीमिशांचे पुरुष बाईच्या आवाजात बोलतात, रुसतात, वाट पाहतात. भक्ताच्या मनात एक बाई असतेच, असे आपल्या परंपरेने कधीच मान्य केलेले आहे. पागनिसांनी आपली जुनी विद्या टाकून दिली नाही. तिचे लुगडे तेवढे उतरवले. खाली गेलेली नजर, हलका आवाज, अंग चोरून उभे राहणे, हे सारे एका नायिकेचे होते, ते आता तुकोबांचे झाले. लाज होती तिथे लीनता आली.

आणि दिग्दर्शकांनी समोर उभी केली गौरी! ही काही नावाजलेली नटी नव्हे. प्रभातमध्ये किरकोळ कामे करणारी बाई. तिला त्यांनी तुकोबांची बायको जिजाई केले. मग पडद्यावर असा देखावा दिसू लागला की नवरा मेणाहून मऊ आणि बायको करवतीसारखी. पोर आजारी पडले तेव्हा हातात वहाण घेऊन देवाला जाब विचारायला निघालेली ती जिजाई ज्याने पाहिली, तो तिला जन्मभर विसरला नाही. तुकोबा वैकुंठाला निघाले तरी हिला पोराबाळांच्या तोंडी घास घालायचा असतो. पागनीस आणि गौरी ही जोडी कागदावर मांडली असती तर कुणी हसलेच असते. पडद्यावर मात्र तिच्यावाचून दुसरी जोडी सुचत नाही.

'संत तुकाराम' १९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि सत्तावन्न आठवडे तिथून हलला नाही. १९३७ साली तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याची खास वाखाणणी झाली. घरी आपल्या लोकांनी काय केले? पागनिसांची तसबीर घेऊन देव्हाऱ्याशेजारी टांगली. तुकोबांचे चित्र म्हणून जे आपण पुष्कळदा पाहतो, त्यात या नटाचा चेहरा मिसळून गेलेला आहे. गाण्याचीही तीच गत. या बोलपटासाठी शांताराम आठवल्यांनी रचलेला एक अभंग लोकांना इतका खरा वाटला, की तो तुकोबांचाच म्हणून गाथ्यात शोधणारे निघाले.

पण शाप कसा असतो पाहा. स्त्रीभूमिकांचा ठसा पुसला गेला तो संताचा ठसा उमटवून. पुढे पागनीस १९३९ साली 'संत तुलसीदास' झाले, १९४० साली 'नरसी भगत' झाले. १९४३ साली ते वारले. लुगड्यातून सुटलेला हा माणूस पुन्हा टाळ-चिपळ्यांत अडकला. फरक एवढाच की या वेळी आपण त्याला तुरुंगाऐवजी देऊळ म्हणालो.

इथवर गोष्ट होती बाई आणि पुरुष या ठशाची. परंतु माणसाच्या कपाळी याहून पक्का ठसा असतो, तो त्याच्या नावाचा. नाव ऐकले की आपण गाव विचारतो, गाव ऐकले की धर्म ओळखतो, आणि मग बाकीचा माणूस पाहायचे कारणच उरत नाही. या ठशाला हात घातला तो शांतारामांनी, १९४१ साली. मराठीत 'शेजारी' आणि हिंदीत 'पडोसी'. कथा विश्राम बेडेकरांची. गावात दोन म्हातारे शेजारी, एक हिंदू, एक मुसलमान. बुद्धिबळाचा पट मांडून बसावे, एकमेकांना चिडवावे, एकमेकांच्या पोरांना आपली समजावे. गावाजवळ धरण बांधायला एक धनिक येतो आणि त्याच्या डावपेचांनी या दोन घरांत फूट पडते. शेवटी धरण फुटते तेव्हा त्या पाण्यात दोघे म्हातारे हातात हात घालून जातात.

हिंदी चित्रात शांतारामांनी काय केले? हिंदू ठाकुराचे काम मझहर खान यांना दिले आणि मुसलमान मिर्झाचे काम गजानन जागीरदारांना. मुद्दाम अदलाबदल! मराठी चित्रात हिंदू पाटील केशवराव दाते होते. मिर्झा तिथेही जागीरदारच. म्हणजे पुरी अदलाबदल हिंदी चित्रातच झाली, आणि तेच चित्र देशभर जाणार होते.

काळ लक्षात घ्या. १९४० च्या मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झाला होता. दोन समाज म्हणजे दोन राष्ट्रे, हे बोलणे सभांतून ऐकू येत होते. अशा वेळी पडद्यावरच्या दोन म्हाताऱ्यांवर कुणी भाषण दिले असते, तर लोक जांभया देत बाहेर पडले असते. शांतारामांनी भाषणाचे काम निवडीकडून करून घेतले. तुम्ही ज्या ठाकुरासाठी रडलात तो मझहर खान आहे. ज्या मिर्झाच्या नमाजाने तुम्ही गहिवरलात तो ब्राह्मणाच्या घरात वाढलेला जागीरदार आहे. आता सांगा, डोळ्यांतले पाणी कुठल्या धर्माचे होते? हा प्रश्न पडद्यावर कुणी विचारीत नाही. श्रेयनामावली वाचणाऱ्याच्या मनात तो आपोआप उठतो आणि त्याला घरी घेऊन जावा लागतो.

आणि गंमत अशी, की हेच जागीरदार १९४४ साली प्रभातच्या 'रामशास्त्री'त पेशव्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे झाले. तीन वर्षांपूर्वीचा मिर्झा आता धर्मशास्त्राचा पंडित! दोन्हीही लोकांना खरे वाटले. सहा वर्षांनी देशाच्या मात्र दोन वाटण्या झाल्याच. एका चित्रपटाने धरणे फुटायची थांबत नाहीत. म्हणून ती निवड फुकट गेली, असे मला वाटत नाही. पूर येऊन गेल्यावर हातात हात होते की नाही, हेही कुणीतरी लिहून ठेवावे लागते.

हा वारसा प्रभातबरोबर संपला नाही. थोडे अलीकडचे उदाहरण घेऊ. निळू फुले पडद्यावर दिसले की खेड्यापाड्यांतल्या बायका कडाकडा बोटे मोडीत; इतका त्यांच्या खलपुरुषाचा धाक. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेल्या 'सामना'त ते साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव होते आणि त्यांना प्रश्न विचारणारा फाटका मास्तर होते डॉ. श्रीराम लागू. पुढे १९७९ साली 'सिंहासन' आला. दिग्दर्शक तेच, जब्बार पटेल. पटकथा पुन्हा विजय तेंडुलकरांचीच. पण या वेळी सत्तेच्या खेळात उतरलेला मंत्री झाले लागू आणि तो खेळ उघड्या डोळ्यांनी पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस झाले निळूभाऊ. पट तोच, सोंगट्यांनी घरे बदलली. ज्यांना निळूभाऊंचा सेवादलातला भूतकाळ ठाऊक होता, त्यांना उमजले की हा पत्रकार त्यांच्यात पहिल्यापासूनच होता. आपणच त्याला इतकी वर्षे वाड्यावरचा पाटील करून ठेवले होते.

आम्हां शिक्षकांना हे सारे वाचताना थोडे ओशाळायलाही होते. स्नेहसंमेलनाच्या नाटकात राजाचे काम वर्गातल्या उंच, गोऱ्या मुलाला आणि शिपायाचे काम कोपऱ्यात बसणाऱ्याला, ही वाटणी शाळाशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. घरीही काय निराळे असते? एक मुलगा हुशार ठरतो, दुसरा वांड ठरतो, मुलगी समजूतदार ठरते, आणि मग जन्मभर ज्याचे त्याने तेच काम करायचे. दिवाळीला सारे जमले की जुन्या भूमिका पुन्हा अंगावर चढतात. चाळिशीच्या गृहस्थालासुद्धा आत्या म्हणते, 'हा आमचा विसरभोळा!' आणि तो बिचारा आज्ञाधारकपणे चष्मा विसरून जातो.

जाता जाता पुन्हा त्या एकनाथांकडे वळू, ज्यांची भूमिका बालगंधर्वांना लाभली नाही. पैठणच्या या ब्राह्मणाने चारशे वर्षांपूर्वी भारुडे रचली. त्यांत ते कधी वासुदेव होतात, कधी वेशीवरचा महार होऊन जोहार करतात, कधी देवीपुढे जोगवा मागणारी बाई होतात. त्यांच्या एका संवादात तर एक हिंदू आणि एक तुर्क कडकडून भांडतात, आणि भांडता भांडता एकमेकांना ओळखून शेवटी समेटाला येतात. फाळके, दामले-फत्तेलाल, शांताराम यांनी पडद्यावर जे केले त्याचा मूळ पाठ नाथांनी आधीच घालून दिला होता: दुसऱ्याचे सोंग मनापासून घेतले की तो दुसरा राहत नाही.